उचगावच्या शिंप्याचे डोळे

परवा माझ्या नातवाला शाळेतून एक प्रकल्प दिला होता. मानवाचा इतिहास बदलणारे दहा शोध, वहीत चित्रं चिकटवून. त्यानं मोबाइलमधून यादी काढली होती. चाक, छपाई, वाफेचं इंजिन, वीज, आणखी काय काय. मला सगळी वाचून दाखवली. मी म्हटलं, "ह्यात चष्मा न्हाय काय रं?" पोरगं माझ्या तोंडाकडं बघत राहिलं. "आजोबा, चष्मा काय शोध असतोय? तो दुकानात मिळतोय." बेळगावात वाढलेलं पोर, त्याला वाटतं दुकानात मिळणारी वस्तू दुकानातच उगवते. हाच विषय, अगदी ह्याच शब्दांत, मला एकोणिसाव्या वर्षी मिळाला होता, आणि माझ्याही यादीत तेव्हा चष्मा नव्हता.

ह्या आठवणी इथवर वाचत आलेल्या माणसाला एव्हाना माझा स्वभाव कळला असेलच. वेदगंगेच्या पुरात म्हशीच्या शेपटीला धरून कृष्णेपर्यंत वाहत गेल्याचं जे मी मागं लिहिलं आहे, त्यातली म्हैस खरी आहे, कृष्णा नाही. निपाणीत तंबाखूचा हंगाम भरात आला की आमच्या गावावरून उडणारा कावळा शिंकत शिंकत संकेश्वरला जाऊन उतरायचा, हे मी बेळगावच्या स्टाफरूममध्ये तीस वर्षं सांगितलं, आणि एका भूगोलाच्या मास्तरानं ते वर्गात सांगितल्याचंही मला माहीत आहे. आमच्या गल्लीत माझं बोलणं चाळणीतून चाळून घ्यायची पद्धत होती. दत्तूनं, म्हणजे मी, साप पाहिला म्हटलं की गांडूळ धरायचं, मार खाऊन आलो म्हटलं की देऊन आला असेल असं समजायचं. गल्लीत एकच माणूस असं होतं जे माझा शब्द न चाळता, आहे तसा पदरात घ्यायचं. ती आक्का, माझी थोरली बहीण. हे प्रकरण तिचं आहे, आणि ह्यात मी एकाचं दोन केलेलं नाही. म्हणजे कावळ्याचं सोडून.

आक्का माझ्याहून बावीस वर्षांनी मोठी. आई मला आठवतच नाही. मला दात आले तेव्हा ती गेली असं सांगतात. आक्का नांदायला गेलती ती दोन वर्षांत परत आली. का आली ते तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, विचारलं नाही. आप्पा वखारीत हमाल. संध्याकाळी यायचे, पाय धुवायचे, जेवायचे, आणि दिवसभर पाठीवरून वाहिलेल्या पोत्यांइतकं जड गप्प बसायचे. बोलण्याचं सगळं खातं मग माझ्या वाट्याला आलं. दोन खोल्यांचं घर, पुढं दगडी कट्टा, कट्ट्यावर लिंबाची सावली. त्या सावलीपायी गल्लीतल्या चार-पाच बायका सकाळचं आवरून मांडीवर सुपं घेऊन आमच्याच कट्ट्यावर विड्या वळायला बसायच्या. सावली सरकली की बायका सरकायच्या. दुपारी बारा वाजलेत हे आम्हांला घड्याळानं कळायचं नाही, आक्का उंबऱ्याला टेकली की कळायचं.

विडी वळताना बघितली नसेल त्याला सांगतो. पानं रात्री भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी पान हातात घ्यायचं, उजेडाकडं धरायचं, भोक नाही, डाग नाही, जाड शीर मधून जात नाही हे बघायचं, आणि मग त्यावर पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापायचं. चिमूटभर तंबाखू पसरायची, दोन्ही अंगठ्यांनी वळायचं, तोंड नखानं मुडपायचं, दोऱ्याचे दोन वेढे. आक्काला हे सगळं करायला, तुम्ही 'विडी' म्हणेपर्यंतचा वेळ लागायचा. ही थाप नाही. पाच कात्र्या एका वेळी चालायच्या तेव्हा आमच्या कट्ट्यावर पाऊस पडतोय असा आवाज यायचा, आणि मी घरात पालथा पडून त्या आवाजात अभ्यास करायचो. आमच्या भाकरीला तंबाखूचा वास असायचा. आक्का राखेनं तीनदा हात धुवायची तरी असायचा. जोंधळ्याची भाकरी, लसणाची चटणी, वर शेंगतेल, आणि मागून येणारा तो उग्र वास. मी पुढं लग्नाकार्यांत फार चांगलं चांगलं खाल्लं, पण भाकरीत काहीतरी कमी आहे असं मला अजून वाटतं.

कारखान्याचा चेकर म्हणजे कानामागं पेन्सिल अडकवलेला एक वाळका माणूस. बायका संध्याकाळी विड्यांच्या जुड्या घेऊन जायच्या, तो प्रत्येक जुडीतली एखादी विडी उपसायचा, दाबायचा, उजेडाकडं धरायचा. पानाला भोक दिसलं, वळण ढिलं निघालं की ती जुडी छाट, म्हणजे बाद. छाट झालेली विडी तो सगळ्यांच्या देखत चुरगाळून टाकायचा. आक्काच्या जुड्या तो उघडायचाच नाही. "आक्काच्या हाताला काय बघायचं," म्हणायचा आणि बाजूला सारायचा. हे मी लहानपणी तिच्या बोटाला धरून गेलो होतो तेव्हा ऐकलंय. आमच्या घरात छातीवर लावायला कुठलं पदक नव्हतं. हेच एक होतं.

मी निपाणीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा आक्कानं चाळिशी ओलांडलेली. त्या वर्षी घरात बारीकसारीक गोष्टी बदलायला लागल्या. भातात खडे निघायला लागले. "आक्का, भातात खाण काढलीस काय गं?" असं मी म्हणायचो, आप्पासुद्धा गालात हसायचे. सुई-दोरा माझ्या हातात यायला लागला, "ओवून दे रं जरा." आणि एका संध्याकाळी आक्का कारखान्यातून परत आली ती पदराखाली मूठ झाकून. रात्रीची भाकरी तिनं तशीच, एका हातानं वाढली. नंतर मी बघितलं, मुठीत चुरगाळलेल्या दोन विड्या होत्या. पानाला टाचणीएवढी भोकं.

मला त्यात काही दिसलं नाही. दोन विड्यांचं काय एवढं, असं वाटलं. पण दुसऱ्या दिवसापासून आक्का संध्याकाळी बोटांना एरंडेल चोळायला लागली. एकेक बोट, बुडापासून शेंड्यापर्यंत. "बोटं वाळल्यात गं माझी," असं ती शेजारच्या गौरव्वाला सांगताना मी ऐकलं. गौरव्वा हुक्केरीकडची, लग्न होऊन आलेली, तीस वर्षं झाली तरी मराठी बोलताना मधेच कानडीत शिरायची आणि आपण शिरलोय हे तिला कळायचं नाही. ती म्हणाली, "बोटं न्हाय वाळली, वय झालं. माझं बी झालंय. नाल्कू जुड्या माझ्या बी गेल्या, चार."

त्याच दिवसांत बेळगावच्या एका कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा लागली. विषय: मानवाचा इतिहास बदलणारे शोध. आमच्या सरांनी माझं नाव परस्पर देऊन टाकलं. सर म्हणाले, "तुझ्या जिभेला हाड नाही, त्याचा कॉलेजला काहीतरी उपयोग होऊ दे." मी लायब्ररीतली तीन पुस्तकं आणली आणि सराव आमच्या कट्ट्यापुढं सुरू केला. एवढे श्रोते आयते कुठं मिळणार? त्यांना उठून जाता येत नव्हतं, मांडीवर सुपं होती.

"मित्रहो," मी सुरुवात करायचो, "लाखो वर्षांपूर्वी एका आदिमानवानं दगडावर दगड घासला..."

"त्याला काडीपेटी मिळाली न्हाय व्हय," कुणीतरी म्हणायचं.

"आणि ठिणगी पडली. मानव अंधारातून उजेडात आला."

"बायकू आली का न्हाय रं उजेडात? का तिला चुलीकडंच बसीवलं?" गौरव्वा म्हणायची आणि सगळ्या कात्र्या हसायला थांबायच्या. आक्काची थांबायची नाही. ती हात चालवत माझ्याकडं बघायची, लांबून, नीट, आणि माझ्याबरोबर ओठ हलवायची. आठ दिवसांत तिला सगळं भाषण पाठ झालं. चाकापाशी मी अडखळलो की ती पुढचं वाक्य सांगायची, "आणि माणसाच्या पायाला गती आली." गुटेनबर्गला ती गुटण्णा म्हणायची. "गुटण्णानंतर वाफ न्हवं?"

अशात एके सकाळी रिक्षा आली, वर कर्णा बांधलेला. येत्या गुरुवारी शाळेच्या पटांगणात डोळ्यांचं शिबिर, मोफत तपासणी, जवळचं दिसत नसणाऱ्यांना मोफत चष्मा. कानडीत एकदा, मराठीत एकदा. गौरव्वानं कात्री खाली ठेवली. "आक्का, चल गं. माझ्या मावळणीला दिलेत मागच्या साली. सुईत दोरा ओवतीया आता म्हातारी."

आणि स्पर्धा गुरुवारीच होती.

आता मी जे लिहितोय ते मी ह्याआधी कुणाला सांगितलेलं नाही, आणि ज्यानं आयुष्यभर जे घडलं नाही तेसुद्धा चारचौघांत सांगितलं त्यानं घडलेलं एवढं दाबून ठेवावं, ह्यावरून समजून घ्या. आक्कानं माझ्याबरोबर बेळगावला यायचं कबूल केलं होतं. ती संकेश्वरच्या पलीकडं कधी गेलेली नव्हती. बाकीच्या पोरांचे आई-बाप येणार होते, पँटीला इस्त्री केलेले, इंग्रजीत टाळ्या वाजवणारे. मला माझं म्हणून कुणीतरी समोर हवं होतं. आणि खरं सांगायचं तर सगळ्या हॉलमध्ये मला न चाळता ऐकणारं एक तरी माणूस हवं होतं. ते शिबिराला गेलं असतं तर मी कुणासमोर बोलणार होतो?

संध्याकाळी मी चटणी-भाकरी खात होतो तेव्हा आक्कानं विचारलंच. गौरव्वाही तिथंच उंबऱ्यात बसलेली. "दत्तू, चष्मा लावला की दिसतंय म्हणं. गुरवारी जाऊ काय रं मी? का बेळगावला येऊ? तू शिकल्यालास, तू सांग."

मला सरळ सांगता आलं असतं, तू ये. ती आलीच असती. पण सरळ बोलायची सवय नव्हती ना. मी घास गिळला आणि म्हटलं, "जा की. पण उचगावच्या शिंप्याचं काय झालं ते ठाव हाय न्हवं तुला?"

उचगावला मी तोवर एकदाच गेलतो, जत्रेला, आणि तिथं शिंपी आहे का नाही हे मला आजही माहीत नाही. पण शिंपी आला. त्याला फुकटात चष्मा मिळाला, पहिल्या महिन्यात त्याला मुंगीच्या पायातलं पैंजण दिसायला लागलं. दुसऱ्या महिन्यात डोळे आळशी झाले. डोळ्यांना वाटलं, काच बघतीया, आपण कशाला बघा. सहाव्या महिन्यात चष्मा काढला की त्याला बायको ओळखू येईना. वर्षाच्या शेवटाला तो घास तोंडात न घालता कानात घालू लागला, आणि आमटी वाढली की मान वाकडी करून बसायचा. गौरव्वा हसता हसता उंबऱ्यावरून खाली घसरली. आप्पासुद्धा हसले. मी जिंकलो होतो, तिथंच थांबायला हवं होतं.

आक्का हसली नाही. तिनं विचारलं, "खरं काय रं?"

"खरं म्हणजे? पुस्तकात हाय."

ह्या दोन शब्दांनी मी जे केलं ते शिंप्याच्या अख्ख्या गोष्टीनं केलं नव्हतं. आक्का दुसरीपर्यंत शिकलेली. पुस्तकावर पाय पडला तर दिवसभर तिला चैन पडायचं नाही. माझी पुस्तकं ती आप्पांच्या पगडीशेजारी ठेवायची. पुस्तकात आहे म्हटल्यावर प्रश्नच मिटला. "मग न्हाय बाबा," ती म्हणाली, "हायत तेवढं डोळं बास. मी येतो बेळगावला." आमच्याकडं बायकासुद्धा येतो-जातो म्हणतात, तिचं ते 'येतो' माझ्या कानात आहे.

गुरुवारी आम्ही दोघं लाल बसनं बेळगावला गेलो. आक्कानं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं, मांडीवर डबा, डब्यात भाकरी, झुणका आणि दोन कांदे. काकतीपाशी तिनं खिडकीतून डोंगरावरच्या गडाकडं बोट दाखवून विचारलं, "तिथं झेंड्याखाली कोण बसलंय रं?" मला झेंडासुद्धा नीट दिसत नव्हता. हॉलमध्ये ती तिसऱ्या रांगेत बसली, पाय खुर्चीवर न घेता, फार प्रयत्नानं. मी बोललो. आग, चाक, छपाई, वाफ, वीज. कावळ्यांनी शिंकावं इतक्या जोरात बोललो. तिसऱ्या रांगेत तिचे ओठ हलत होते. चाकापाशी मी अडखळलो नाही.

निकाल लागला तेव्हा ती नळावर डबा धुवायला गेली होती. मला एक हातभर... नाही, वीतभर उंचीचा कप मिळाला. तिनं विचारलं, "कितवा आला?" मी म्हटलं, "पहिला. दुसरा कोण असणार?" परत येताना बसमध्ये ती म्हणाली, "लांबून लई चांगला दिसत हुतास. डावा पाय हलवीत हुतास सारखा. ते बी दिसलं." त्या दिवशी आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. आणि गौरव्वा नाकावर चष्मा, चष्म्याला मागून दोरा, अशी कट्ट्यावर येऊन बसली. बायकांनी तिला मास्तरीण म्हणून बेजार केलं. आक्कानं तिला शिंप्याचं सांगितलं, पुन्हा एकदा, पण ह्या वेळी न हसता, काळजीनं. "काढून ठेव गं. पुस्तकात हाय. दत्तूनं वाचलंय."

पुढचं लवकर झालं, किंवा मला लवकर झाल्यासारखं वाटतं कारण मी तिथं नव्हतो. कॉलेज संपवून मी बेळगावला शिकवायचं शिक्षण घ्यायला गेलो, तिथंच चिकटलो. एका दिवाळीला आलो तर कट्ट्यावर गौरव्वा होती, बाकीच्या होत्या, आक्का नव्हती. ती वखारीत तंबाखू चाळायला जायला लागली होती. "बसून बसून कंबर धरली," ती मला म्हणाली, "उभ्याचं काम बरं." तोंडाला फडकं बांधून दिवसभर चाळणी हलवायची. वखारीतल्या हवेत तंबाखूचा बुक्का तरंगतो. कावळ्याची थाप मी तिथूनच उचलली होती. संध्याकाळी फडकं सोडलं की नाकाखाली तपकिरी रेघ दिसायची, आणि मग खोकला. तिचं ते कंबरेचं मी ऐकलं आणि मानलं. ज्याला थापा मारता येतात त्याला दुसऱ्याची थाप ओळखता येते असं लोकांना वाटतं. तसं काही नसतं. कारखान्यानं तिचं विड्या वळायचं कार्ड काढून घेतलं होतं, चेकर म्हणाला होता, "आक्का, हात गेला तुमचा," हे मला फार उशिरा गौरव्वाकडून कळलं. आणि उचगावचा शिंपी? तो मी कधीच विसरून गेलो होतो. रोज दहा थापा मारणाऱ्याला आदल्या वर्षीची कुठं आठवते.

मी त्रेचाळीस वर्षांचा असताना एका सकाळी वर्गात हजेरी घेताना पट लांब धरत होतो. इतका लांब की पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली, "सर, मी वाचू का?" मधल्या सुट्टीत एका मास्तरानं हसत हसत स्वतःचा चष्मा काढून माझ्या नाकावर ठेवला. पटावरची नावं एकदम उभी राहिली, काळी, कोरीव, काठासकट. माझ्या नखातली खडूची भुकटी दिसली. अंगठ्यावरच्या रेषा दिसल्या. सगळे हसत होते, मीही तोंड उघडलं, आता काहीतरी झकास सांगावं म्हणून, आणि शिंपी आला. घास कानात घालत. त्याच्यामागून भातातले खडे आले, सुई-दोरा आला, एरंडेलाचा वास आला. पुढच्या तासाला मी वर्गात गेलो नाही. बोटं वाळली नव्हती तिची. पानाची भोकं दिसत नव्हती, एवढंच. एवढंच होतं ते. दोन काचा.

रविवारी मी तयार चष्मा घेऊन निपाणीला गेलो. आक्का कट्ट्यावर बसली होती, तांदूळ निवडत. म्हणजे तांदळावरून बोटं फिरवत, खडा बोटाला लागला की उचलून टाकत. आप्पा तोवर गेले होते, लिंबसुद्धा तोडला होता. मी डबी पुढं केली. "काय आणलंस?" म्हणत तिनं डबी उघडली, चष्मा काढला, दोन्ही काड्या उलगडल्या, आधी डाव्या कानामागं, मग उजव्या, आणि कानावरचे केस बोटानं मोकळे केले. मी वाट बघत होतो की ती आता दचकेल, हात बघेल, रडेल. मी बसमध्ये ते सगळं मनात रचून ठेवलं होतं. तिनं सुपातले तीन खडे पटापट उचलून फेकले आणि म्हणाली, "बरा हाय. गौरव्वाच्यापरास हलका हाय."

मला कळायला वेळ लागला. "गौरव्वाचा तू घातलावतास?"

"घाटला हुता की. त्याच आठवड्यात. ती न्हाणीत गेल्ती तवा."

"मग?"

"मग काय. दिसलं. पानाची शीर न शीर दिसली." तिनं खोकून घेतलं. "दोन जुड्या वळल्या मी तिचा घालून. एक छाट न्हाय."

"मग आक्का, घेतला का न्हाईस? दर साली शिबिर येत हुतं."

ती सुपातलं बघत राहिली. "दत्तू, ती शिंप्याची गोष्ट मी वखारीपतोर सगळ्यांस्नी सांगून बसलेली. आमच्या दत्तूनं पुस्तकात वाचलंय म्हणून. गौरव्वा तोंडावर म्हणाली मला, तुझा भाऊ थापाड्या हाय. दोन महिनं बोललो न्हाय मी तिच्यासंगं. आणि मग मीच नाकावर चष्मा चढवून तिच्या म्होरं बसू?"

"माझ्यापायी कार्ड घालवलंस?"

"तसं ठरवून कोण घालवतंय रं. वाटलं, बोटं हायत न्हवं, निभावतील." आणि एक खडा उचलून फेकत, अगदी सहज, "न्हाय निभावली."

मला तिची क्षमा मागायची होती. शब्द माझ्याकडं कमी नव्हते, उलट जास्त होते, आणि त्यातला एकही खरा वाटत नव्हता. ती उठून घरात गेली, मी उंबऱ्यात जाऊन बसलो. चष्म्यातून खोली कशी दिसते ते बघत, हात लावत ती भिंतीकडं गेली, आप्पांची पगडी, दिवा, कोनाडा. कोनाड्यात माझा कप होता. तिनं तो इतकी वर्षं तिथं ठेवला होता, आत कात्री, पत्र्याचं माप आणि दोऱ्याचं रीळ. सामान तिनं चटईवर ओतलं आणि कप उजेडाकडं धरला, पान धरायची तसा. कपावर बारीक अक्षरं कोरलेली होती. मी उठलो, पण मधे खोली होती.

ती एकेक अक्षर लावत वाचत होती, दुसरीतल्यासारखं. स्पर्धा, विषय, मानवाचा, इतिहास. ओठ हलत होते. मग शेवटच्या ओळीवर आली.

"दु... स... रा," ती म्हणाली. "क्रमांक."

तिनं काचांच्या वरून माझ्याकडं बघितलं. लांबचं तिला नेहमीच चांगलं दिसायचं.

"पेढं वाटलं हुतं मी," ती म्हणाली.

तिनं कप पदरानं पुसला, कात्री, माप आणि रीळ पुन्हा आत घातलं, आणि तो कोनाड्यात ठेवला, अक्षरं भिंतीकडं करून. पुन्हा कट्ट्यावर येऊन सूप मांडीवर घेतलं.

"असू दे," ती म्हणाली. "गौरव्वाला वाचाय येत न्हाय."

आक्का त्यानंतर चार वर्षं होती. चष्मा ती घरात, दार लावून घालायची. कट्ट्यावर कधी घातला नाही. कप आता माझ्या टेबलावर आहे. कात्री त्यातच आहे. अक्षरं मात्र मी माझ्याकडं करून ठेवली आहेत.